भुवया, जिवणी आणि एक ट्यूब : चौदा महिन्यांच्या नोंदी

छपाईयंत्रांची देखभाल हे माझं काम. यंत्र बंद पडलं की वहीत तारीख, तक्रार, काय केलं, काय झालं हे लिहायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे दोन नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. स्वतःच्या चेहऱ्याच्या बाबतीत मी तीन वर्षं यातला एकही पाळला नाही. खालच्या नोंदी पाळायला लागल्यानंतरच्या आहेत. म्हणजे वही पाळायला लागल्यानंतरच्या. दुसरा नियम त्यातही बराच काळ मोडलेलाच दिसेल. चुका काढून टाकलेल्या नाहीत. कंसातल्या टिपा नंतरच्या.

१४ जानेवारी २०२४, रविवार

सद्यस्थिती. दोन्ही भुवयांत आणि त्यांच्या मधल्या जागेत पापुद्रे. नाकपुडीच्या कडेला, गालाची घडी जिथून सुरू होते तिथे लाल पट्टा, त्यावर पिवळसर, तेलकट खपली. कानामागे थोडं. खाज आहे पण फार नाही. तोंड धुतलं की कातडी ताणल्यासारखी होते. काळा शर्ट घातला तर दुपारपर्यंत भुवयांचा चुरा छातीवर दिसतो, म्हणून काळे शर्ट केव्हाच बंद झालेत.

कपाटातल्या बाटल्या आणि ट्यूबा मोजल्या. १९ निघाल्या. त्यातल्या पूर्ण वापरून संपलेल्या ४. बाकीच्या आठवडा-पंधरा दिवसांत कंटाळून सोडलेल्या. एक तर अजून सीलबंद आहे, ती का आणली तेही आठवत नाही.

मोजमाप ठरवलं: दर रविवारी सकाळी ८ वाजता, त्याच खिडकीशी, दिवा बंद करून, तोंड धुण्याआधी तीन फोटो. लाली, पापुद्रे, खाज, आग या चारांना ० ते ३ गुण. आज लाली २, पापुद्रे ३, खाज १, आग ०.

अंदाज: कातडी कोरडी पडली आहे. उपाय: तेल.

(टीप: लिहिताना ‘अंदाज’ लिहिलं, वागले मात्र निदान झाल्यासारखी.)

२८ जानेवारी

तेल दिवसातून दोनदा, चौदा दिवस. पहिले चार दिवस पापुद्रे एकदम शून्य, मी खूश. पाचव्या दिवसापासून खपली जाड आणि आधीपेक्षा पिवळी. आज लाली ३, पापुद्रे ३, खाज २. म्हणजे पहिल्या चार दिवसांत पापुद्रे गेले नव्हते, तेलात भिजून चिकटून बसले होते.

(टीप: हे कोरडेपण नव्हतंच. मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते. काहींची कातडी तिच्यावर चिडते. या बुरशीला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, ती बाहेरून लागतात. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं असेल तर ताटलीत ऑलिव्हचं तेल घालतात. मी दोन आठवडे नेमकं तेच करत होते, फक्त ताटलीऐवजी भुवईत.)

११ फेब्रुवारी

तेल बंद. खपली निघत नाही म्हणून दाणेदार स्क्रबने घासली, तीन दिवस लागोपाठ. खपली निघाली, खालची कातडीही निघाली. आता साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं. आग ३. स्क्रब फेकून दिला. या उपायाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

१८ फेब्रुवारी

मंगळवारी कामावर एका सहकाऱ्याने ड्रॉवरमधून ट्यूब काढून दिली. नायटा, खाज, किडा चावणं, सगळ्यावर चालते म्हणाला. रात्री लावली. बुधवारी सकाळी लाली अर्ध्यावर. शुक्रवारी काहीच नाही. भुवया स्वच्छ, नाकाची घडी स्वच्छ, कातडी बाळासारखी. आज चारही रकान्यांत शून्य.

वहीत त्या दिवशी एकच शब्द आहे, खाली दोन रेघा मारून: सापडलं.

२४ मार्च

ट्यूब संपली, दुसरी आणली. हल्ली रोज लावत नाही, परत आलं की तीन-चार दिवस लावते आणि थांबते. शिस्तीने वापरते आहे असं मला वाटतं.

२१ एप्रिल

मागची पानं उलटताना एक गोष्ट दिसली. पहिल्यांदा मलम थांबवलं तेव्हा त्रास परत यायला ११ दिवस लागले होते. पुढच्या खेपेला ७. मग ५. आता २. हे आकडे माझ्याच हाताने लिहिलेले, वेगवेगळ्या पानांवर. कामावर एखाद्या बेअरिंगला दर खेपेला आधीपेक्षा लवकर वंगण लागायला लागलं तर मी वंगणाचं कौतुक करत बसले नसते.

तरी आज संध्याकाळी लावलंच. उद्या बैठक आहे.

१२ मे

नवीन तक्रार. भुवया ठीक, पण जिवणीभोवती बारीक लाल पुळ्या. मोहरीएवढ्या, काहींच्या टोकाला पाणी. हनुवटीवर जास्त, नाकपुडीखाली थोड्या. खाज नाही, आग आहे. एक विचित्र गोष्ट: ओठांच्या अगदी कडेला लागून दोन-तीन मिलिमीटरची गोरी रेघ आहे, तिथे एकही पुळी नाही. कोणीतरी ओठांभोवती बारीक किनार सोडून मगच ठिपके काढावेत तसं.

या पुळ्यांवरही तेच मलम लावलं. दोन दिवसांत बसल्या. चौथ्या दिवशी दुप्पट.

(टीप: ती गोरी रेघ ही या दुखण्याची जवळजवळ सही असते. फोटोत स्पष्ट आहे. वहीत ‘विचित्र’ असं लिहून मी पुढे गेले.)

९ जून

गेल्या महिन्याच्या मध्याला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मुरुम म्हटलं आणि ॲडापलीन व बेंझॉइल पेरॉक्साइड असलेलं जेल दिलं. तीन आठवडे लावलं. हनुवटी भाजल्यासारखी सोलली, पुळ्या तशाच.

राग आला, पण वही उघडल्यावर अर्धा ओसरला. त्यांनी विचारलं होतं, ‘सध्या काही लावता का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ त्या आठवड्यात मलम बंद होतं, म्हणून तांत्रिकदृष्ट्या खरं. शिवाय जेल सुरू केलं त्याच आठवड्यात मी फेसवॉश बदलला आणि टूथपेस्टही. म्हणजे जेलने सोलली की फेसवॉशने, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तीन आठवडे पाण्यात.

१ जुलै, सोमवार. दिवस ०

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ. वेळ घेतानाच निरोप होता: चेहऱ्याला लावलेलं सगळं पिशवीत घालून आणा, संपलेल्या ट्यूबाही. मी १९ चे आता २६ झालेले नग नेले. त्यांनी चेहऱ्याआधी पिशवी पाहिली. एकेक उचलून बारीक अक्षरं वाचायची, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. उजवीकडे शेवटी एकच वस्तू उरली, ती ट्यूब.

तिच्यावर मोठ्या अक्षरांत बुरशीचं चित्र आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत तीन औषधं: एक बुरशीविरोधी, एक प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल ०.०५%. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टेरॉइडांमधल्या (सूज आणि लाली दाबणाऱ्या औषधांमधल्या) सगळ्यात जहाल वर्गातलं. ते तळपायाच्या जाड कातडीसाठी ठीक. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून स्टेरॉइड किती आत झिरपतं ते मोजलं होतं. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूतून झिरपतं ते १ धरलं, तर कपाळातून ६ आणि जबड्याच्या कोपऱ्यातून १३. मी ते जबड्यालगत सव्वाचार महिने चोळत होते.

निदान एक नाही, दोन निघाली. भुवया आणि नाकाची घडी: सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे त्या बुरशीवर कातडी चिडते ते, हे मूळचं. जिवणीभोवतीचं: पेरिओरल डर्मटायटिस, आणि ते बहुतेक मलमानेच आणलेलं. त्या म्हणाल्या, ‘हे मलम थांबवलं की पहिले दोन आठवडे तुम्ही मला शिव्या द्याल. द्या. पण लावू नका.’

योजना: जिवणीभोवती काहीही लावायचं नाही. क्रीम नाही, तेल नाही, मेकअप नाही, साबणही नाही. नुसतं कोमट पाणी. पोटातून डॉक्सिसायक्लिन (प्रतिजैविक) १०० मिलिग्रॅम रोज एक, आठ आठवडे. आधी विचारून घेतलं की दिवस राहण्याची शक्यता नाही ना, कारण गरोदरपणात हे देत नाहीत. भुवयांना तूर्त हात लावायचा नाही. एका वेळी एकच आघाडी. (मी मान खाली घातली.) काही रुग्णांना आधी हायड्रोकॉर्टिझोन या सौम्य स्टेरॉइडवर आणून मग हळूहळू सोडवतात, पण माझा ‘उद्या बैठक आहे’ हा स्वभाव ऐकून त्यांनी तो रस्ता नको म्हटलं.

पुळ्या मोजायला सुरुवात केली. आज २२.

७ जुलै. दिवस ६

४७. हनुवटी सुजली आहे. आग ३. भुवयाही पेटल्या. तोंड उघडताना कोपरे तडतडतात.

११ जुलै. दिवस १०

६४. यापुढे मोजणं अवघड, एकमेकींत मिसळल्या आहेत.

रात्रीचे दोन. झोप नाही. चेहऱ्यातून वाफ निघते आहे असं वाटतं. डॉक्टरांनी ट्यूब कचऱ्यात टाकायला सांगितली होती. मी एक टाकली. दुसरी, अर्धी, पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवली होती, ‘अगदीच वेळ आली तर’. ती काढली. टोपण उघडलं. बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढं घेतलं. त्याचा वास ओळखीचा, थोडा मेणचट, आणि त्या वासानेच अर्धं बरं वाटलं, हेच मला भीतिदायक वाटलं. नळाखाली बोट धुतलं. ट्यूब मुळापासून दाबत बेसिनमध्ये रिकामी केली आणि बेसिन घासलं. मग ओला रुमाल गार करून हनुवटीवर दहा मिनिटं, दहा मिनिटं उघडं, असं चार वाजेपर्यंत. या सगळ्या प्रकारात त्या रात्री उपयोगाचं ठरलेलं एवढंच: गार ओलं फडकं.

१२ जुलै

डॉक्टरांना फोन. ‘दहावा दिवस ना? शिखर आहे. इथून उतार.’ मला पटलं नाही.

२१ जुलै. दिवस २०

४१. उतार. सूज गेली. गोरी रेघ पुन्हा स्पष्ट दिसते.

कामावर लोक चेहऱ्याकडे बघून नजर चुकवतात. एकाने भाजलं का म्हणून विचारलं. हो म्हटलं.

२८ जुलै. दिवस २७

अपघात, स्वतःच्या हाताने. गुरुवारी रात्री पलंगावर बसून गोळी एका घोटाबरोबर गिळली आणि आडवी झाले. पहाटे छातीच्या मधोमध असं दुखायला लागलं की हृदयाचंच काही वाटलं. डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकून विरघळलं तर तिथे जखम करतं. तपासलं, तेच निघालं. तीन दिवस गोळी बंद, गिळणं नको-नको.

नवा नियम: गोळी सकाळी, उभ्याने, भरलेल्या पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत नाही, त्याने औषध नीट शोषलं जात नाही. पाकिटातल्या कागदावर हे सगळं छापलेलं होतं. कागद मी वहीत बुकमार्क म्हणून वापरत होते.

आणखी एक: या गोळीवर ऊन बाधतं. दुपारी वीस मिनिटं बाहेर उभी होते, नाक आणि हातांचे मागचे भाग लालबुंद. त्या काळात तोंडाला सनस्क्रीन लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे रुंद कडेची टोपी. कामगारांनी टोपीला नाव ठेवलं, ते इथे लिहीत नाही.

११ ऑगस्ट. दिवस ४१

९. मोजताना आरसा जवळ घ्यावा लागला. आग ०.

टूथपेस्टचा प्रश्न. फ्लोराइडची, फेसाळ किंवा दालचिनीच्या चवीची टूथपेस्ट हे दुखणं वाढवते अशी शंका बऱ्याच ठिकाणी व्यक्त होते. बदलू का विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘आत्ता बरं होतंय ना? मग आत्ता बदललीत तर श्रेय कोणाला देणार?’ नाही बदलली. (आजपर्यंत तीच वापरते. माझ्या बाबतीत तिचा संबंध नव्हता. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असू शकेल.)

२८ ऑगस्ट

गोळ्या संपल्या, मधले तीन दिवस धरून. पुळ्या २, आणि त्याही सुकत आलेल्या. जिथे होत्या तिथे तपकिरी-लाल डाग आहेत. डाग म्हणजे दुखणं नव्हे, ते महिनोन्महिने हळूहळू जातात. त्यांना घासायला गेले तर पुन्हा पहिल्या पानावर. हात खिशात.

भुवया मात्र जानेवारीपेक्षा वाईट. लाली ३, पापुद्रे ३. आता त्यांची पाळी.

२२ सप्टेंबर

८ तारखेपासून कीटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या २% शॅम्पूने आठवड्यातून दोनदा भुवया, नाकाच्या घड्या आणि डोकं धुते आहे. दोन आठवडे झाले. फरक शून्य. वैतागून सोडणार होते. (२६ बाटल्या अशाच जमतात.) या वेळी सोडण्याआधी बाटलीवरचं वाचलं: ३ ते ५ मिनिटं ठेवून मग धुवा. मी फेस करून लगेच धूत होते. औषध गटारात, बुरशी जागेवर.

अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्याचा प्रयोग: डावी भुवई घड्याळ लावून ५ मिनिटं, उजवी पूर्वीसारखी लगेच धुवायची. बाकी सगळं तसंच.

६ ऑक्टोबर

डावीकडे पापुद्रे १, लाली १. उजवीकडे ३ आणि २. चार धुण्यांत एवढा फरक. फोटो बघून वाटतं दोन वेगळ्या बायकांच्या भुवया जोडल्यात.

आजपासून दोन्हीकडे ५ मिनिटं. शिवाय रोज रात्री कीटोकोनॅझोल २% क्रीम, चार आठवडे. किती घ्यायचं हेही चुकत होतं. मोजायची सोपी रीत आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मी तेवढी नुसत्या भुवयांवर थापत होते, ती डोळ्यांत उतरून झोंबायची. आता त्या रेघेचा चौथा हिस्सा.

३ नोव्हेंबर

भुवया ०, नाकाची घडी लाली १. काळा शर्ट घालून कामाला गेले. संध्याकाळी छातीवर शाईचा डाग होता, बाकी काही नाही.

पण जिवणीजवळ ५ पुळ्या परत.

वही विचारली. या आठवड्यात काय नवीन? एकच: जाडसर मॉइश्चरायझर, २९ तारखेपासून. ॲलर्जी असेल म्हणून कोपराच्या आतल्या खोबणीत दिवसातून दोनदा लावून बघायचं ठरवलं, चेहऱ्यावर बंद.

१० नोव्हेंबर

कोपर स्वच्छ. सात दिवसांत एक ठिपकाही नाही. जिवणी मात्र मॉइश्चरायझर बंद केल्यावर शांत, २ पुळ्या उरल्या. म्हणजे ॲलर्जी नव्हे. डॉक्टरांचं म्हणणं, या दुखण्याला ॲलर्जी लागतच नाही. जाड, कातडी झाकून टाकणारा थर पुरतो. चार ठिकाणी वाचलेलं ‘आधी कोपरावर लावून बघा, काही झालं नाही तर बिनधास्त वापरा’ हे माझ्यासाठी अर्धवट निघालं. कोपराला जिवणी नसते.

आता जिवणीभोवती काहीच लावत नाही, गाल आणि कपाळाला पातळ, बिनवासाचं लोशन. सनस्क्रीनही त्याच कसोटीने निवडलं, तिसऱ्या खेपेला जमलं. आधीची दोन धाकट्या बहिणीला दिली, तिला चालतात.

२९ डिसेंबर

गर्वाचं घर. भुवया सहा आठवडे स्वच्छ होत्या, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला शॅम्पू बंद केला. बरं झालं तर कशाला लावायचं? तीन आठवडे काही नाही, चौथ्यात सगळं परत, शिवाय थंडी. लाली २, पापुद्रे २.

हे दुखणं मुळापासून जात नाही, काबूत राहतं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी हे सांगितलं होतं आणि मी वहीत लिहिलंही होतं. यंत्र चालू लागलं म्हणून तेलपाणी थांबवणाऱ्या शिकाऊ मुलांना मी रागावते.

पुन्हा आठवड्यातून दोनदा ५ मिनिटं, चार आठवडे. नाकाच्या घडीतली लाली हटत नव्हती, तिथे दोन आठवड्यांसाठी पिमेक्रोलिमस १% क्रीम दिलं. हे स्टेरॉइड नाही, कातडी पातळ करत नाही. खोक्यातल्या कागदावर कर्करोगाचा इशारा चौकटीत वाचून हातच थांबला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो २००६ साली घालायला लावला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: इशारा प्राण्यांवरचे प्रयोग आणि थोड्या रुग्णांच्या नोंदींवरून आलेला, नंतर मोठ्या काळाच्या पाहण्यांत तसा स्पष्ट संबंध दिसलेला नाही, तरी थोडं, थोड्या जागी आणि थोडे दिवस वापरायचं. क्लोबेटासोलच्या ट्यूबवर असली चौकट नव्हती, म्हणून मी ती किती निवांत वापरली, ते आठवलं.

पहिले पाच दिवस झोंबलं. गरम झाल्यासारखं, वीस मिनिटं. सहाव्या दिवसापासून नाही. आधी सांगितलेलं नसतं तर दुसऱ्याच दिवशी हे २७ वं झालं असतं.

१९ जानेवारी २०२५

एक वर्ष आणि पाच दिवस. पुळ्या ०. भुवया ०. नाकाची घडी लाली अर्धा, असा गुण ठरवलेला नव्हता पण १ लिहिणं अन्याय होईल.

पैशांचा हिशेब मांडत नाही, वस्तूंचा मांडते. पिशवीतले २६ आणि नंतरचे ७ नग. त्यातले आज वापरात ४: शॅम्पू, लोशन, सनस्क्रीन आणि कपाटात राखीव कीटोकोनॅझोल क्रीम. वेळेचा हिशेब: तेल-स्क्रब चार आठवडे, ट्यूब सव्वाचार महिने, ट्यूब सोडवायला दोन महिने, शॅम्पू चुकीचा वापरण्यात दोन आठवडे, गर्वात चार. खऱ्या उपचाराला लागलेला निव्वळ वेळ यापुढे किरकोळ आहे.

सध्याचा क्रम: शॅम्पू आठवड्यातून एकदा, रविवारी, फोटो काढून झाल्यावर, ५ मिनिटं. जिवणीला पाणी. बस.

१६ फेब्रुवारी २०२५

परवा कामावर नवीन लागलेला मुलगा मशीनमागे आला. भुवया लाल, नाकाच्या कडेला खपली. हळूच म्हणाला, ‘ताई, तुमचं ते तीन दिवसांत गेलं होतं म्हणे. त्या मलमाचं नाव सांगता का?’ मलमाची कीर्ती अजून ड्रॉवरमध्ये जिवंत आहे.

मी विचारलं, सध्या काही लावतोस का. ‘नाही,’ म्हणाला. मी नुसती बघत राहिले. मग त्याने खिशातून ट्यूब काढली. दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या रंगाची. माझा चष्मा आणि प्लेट तपासायचं भिंग, दोन्ही लागलं. त्याला नावं लिहून दिली, जी दिसली तर चेहऱ्यापासून लांब ठेवायची: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन. त्याच्या ट्यूबवर तिसऱ्या ओळीत या यादीतलं दुसरं नाव होतं.

‘किती दिवस झाले?’

‘दोनच आठवडे. मस्त गुण येतो ताई, फक्त थांबवलं की परत येतं.’

‘थांबवल्यावर किती दिवसांनी?’

तो आठवायला लागला. मी कपाटातून कोरी वही काढून त्याच्यासमोर ठेवली आणि डॉक्टरांचा नंबर पहिल्या पानावर लिहिला.